टेबल नंबर सात

तीन महिन्यांच्या पगाराच्या बदल्यात
मालकाने यांना बिलाचं मशीन दिलं.
म्हापशाहून शिवोलीपर्यंत
ते बसमध्ये यांच्या मांडीवर बसून आलं.
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे.

मी विचारलं, ठेवणार कुठे?
हे म्हणाले, तुझ्या कपाटांखाली.

माझी कपाटं.
ओट्यापासून त्यांच्या तळापर्यंत एकवीस इंच,
आणि तेवढ्यातच माझं सगळं राज्य:
सोलांची बरणी, तिरफळांचा डबा,
खिळ्याला टांगलेली गाळणी.
आता तिथून यांची मोजपट्टी सुर्रकन आत जाते
बिळात परतणाऱ्या धामणीसारखी.

पुरसो चारी ड्रिल घेऊन आला.
खालच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं,
कान लावला,
आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात
त्या आवाजात म्हणाला,
"भितरल्यान पोकळ आसा, वयनी."

मग नवीन फळी. जाड, जहाजाला लावतात तसली.
त्यासाठी डबे सगळे जमिनीवर उतरले,
आणि डब्यांच्या मागून निघाले
चौदा चमचे
दांड्यावर हॉटेलचं नाव कोरलेले.
पुरसोने पाहिले.
यांनी पाहिले, पंच्याने पुसले, परत ठेवले.
मी उकड्या तांदळातले खडे वेचत होते,
मी काही पाहिलं नाही.

दुपारभर ओट्यावर भुसा पडत राहिला.
बांगड्याच्या कालवणात थोडा गेला असेल,
कोणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी ते लटकलं.
ढकललं की वर मिटतं, ओढलं की खाली येतं,
वटवाघळाच्या जातीचं.
वायर कपाटाच्या पाठीमागून, सिंकपासून लांब,
हे पुरसोने तीनदा बजावलं.
बटण दाबल्यावर बराच वेळ काहीच नाही,
मग काचेवर उजाडलं:
टेबल एक. टेबल दोन.
बारापर्यंत.

आता यावर पाककृती बघता येतील,
भाचीच्या लग्नाचे फोटो बघता येतील,
असं तुम्ही म्हणाला होतात, मी म्हटलं.
येतील, हे म्हणाले. नंतर.
आणि काचेसमोर उभे राहिले,
खांद्यावर फडका, पाठ ताठ.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
बावीस वर्षं हे नुसते ओरडायचे,
चाराला दोन थाळी, नवाला एक सोलकढी,
बोट मात्र दाबायचं गल्ल्यावरच्या कामिलचं.
मशीनला हात लावायचा नाही,
तुझे हात तेलकट.

यांनी हात धुतले. साबणाने.
पुसले. एक बोट पुढे केलं.
काचेला ते कळलंच नाही.
गरम ताटं धरून धरून
बोटाची टोकं कधीच गुळगुळीत झाली आहेत,
रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीनही
यांना दर महिन्याला नाकारतं.
दाबलं. पुन्हा दाबलं. फुंकर मारली.
मी खोबरं खवत होते, आडोळीवरून उठले नाही.
म्हटलं, पाण्यात बुडवून बघा.
ओल्या बोटाने एकदाच लागलं,
टिक्,
आणि हे माझ्याकडे बघून हसले,
जणू पोराने पहिल्यांदा नाव लिहिलं.

रात्री पेजेचं झाकण काढलं.
वाफ वर गेली, काचेला चिकटली,
आणि मशीन आपल्याआपण वाजू लागलं.
टिक्. टिक्.
कोणाचाही हात नव्हता.
टेबल सात.
एक चहा.

मी म्हटलं, बंद करा, बिघडलं वाटतं.
हे वाचत होते, चष्मा वर सरकवून.
ऑर्डर आलीय, म्हणाले.
गॅस पेटवला. आलं ठेचलं.
कप बशीत, बशी तळहातावर,
स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन थांबले
आणि सगळीकडे नजर फिरवून विचारलं,
सात नंबर कोण?

मी खोबऱ्याचा हात वर केला.

साखर विसरले होते.
गिऱ्हाईक काही बोललं नाही.